आप्त कोणाला म्हणावं? ‘बिगिपीडिया’च्या निमित्तानं

मागच्या खेपेला आपण शब्दप्रमाणाबद्दल बोललो. आज त्याच प्रश्नाकडे एका विनोदी कार्यक्रमाच्या वाटेनं जायचं आहे.

बीबीसीच्या रेडिओ ४ वर २००९ साली ‘बिगिपीडिया’ नावाची प्रहसनांची मालिका सुरू झाली, २०११ मध्ये तिचं दुसरं सत्र आलं. निक डूडी, मॅट कर्शन ही लेखकमंडळी, डेव्हिड टायलर निर्माते. कल्पना साधी आहे : विकिपीडियासारखा एक ज्ञानकोश, पण रेडिओवरून वाचून दाखवलेला. वर चिआंटो नावाच्या कसल्याशा वाइनसदृश पेयाचं प्रायोजकत्व.

कारागिरी म्हणून हे उत्तम आहे. डोळ्यांसाठी असलेली गोष्ट कानांसाठी केली की तिचं खरं रूप उघडं पडतं. पडद्यावर मध्येच उगवणारी जाहिरात नजर सहज टाळते. कानाला तशी सोय नाही. जे आपण रोज निमूटपणे सोसतो ते ऐकताना असह्य होतं, आणि म्हणून हसू येतं. तीच गत नोंदींची. वाटेल ते विधान निवेदकाच्या संथ, खात्रीच्या सुरात आलं की क्षणभर ते खरंच वाटतं. हा क्षणभर फार महत्त्वाचा आहे बरं का! कुमारिल भट्टांसारखे मीमांसक म्हणतील, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, बाध येईपर्यंत ते खरंच मानायचं. नैयायिक म्हणतील, छे, प्रामाण्य बाहेरून तपासूनच ठरतं. विकिपीडिया या बाबतीत पक्का नैयायिक : प्रत्येक वाक्याला आधार मागणारा. रेडिओचा आवाज मात्र जन्मजात मीमांसक.

पण माझी तक्रार इथेच सुरू होते. ‘बिगिपीडिया’ हसतो कुणाला? कुणीही यावं आणि काहीही लिहावं, या व्यवस्थेला. आणि हसतो कुठे बसून? रेडिओच्या खुर्चीत. त्या खुर्चीला तो फारसा धक्का लावत नाही. श्रोता जाणता, नेटवरचा अनाम लेखक अडाणी, अशी वाटणी आधीच झालेली असते.

याच बीबीसीवर १६ जानेवारी १९२६ रोजी फादर रोनाल्ड नॉक्स यांनी एक खोटं वार्तापत्र सादर केलं होतं. लंडनमध्ये बेकारांचा जमाव खवळलाय, बिग बेनचा मनोरा पाडलाय, एका मंत्र्याला दिव्याच्या खांबाला फाशी दिलंय, आणि मधूनमधून नृत्यसंगीत! ही गंमत आहे असं आधी सांगितलेलं होतं. तरी लोक घाबरले. त्यातून बर्फामुळे दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं बऱ्याच ठिकाणी वेळेवर पोचली नाहीत. म्हणजे पडताळा बघायचा तर बघणार कशात? नॉक्सनी दुसऱ्या कुणाच्या माध्यमाची टर उडवली नाही. ज्या आवाजात ते बोलत होते त्याच आवाजावरचा विश्वास त्यांनी हलवून दाखवला. म्हणून मला ते जुनं काम जास्त मोलाचं वाटतं.

आणि अनाम असणं हा दोष तरी कुठे आहे? वात्स्यायनांनी आप्ताचं लक्षण काय केलं? ज्यानं वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वर हेही म्हणतात की हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेच्छांना सारखंच लागू. नावगाव, कुळ, हुद्दा यांचा संबंधच नाही. नाव न सांगता एखाद्या पुलाची लांबी बरोबर लिहून जाणारा माणूस या व्याख्येत बसतो. गोड गळ्याचा निवेदक बसेलच असं नाही.

आता गंमत बघा. मराठीत ‘आप्त’ या शब्दाचा अर्थ सरकला. आपण आप्तेष्ट म्हणतो तेव्हा विश्वसनीय साक्षीदार म्हणत नाही, नातेवाईक म्हणतो. आणि नेटवरची खोटी माहिती आज आपल्या घरात शिरते ती नेमकी या दुसऱ्या अर्थाच्या आप्तांकडून. २००९ च्या विडंबनाला जो अनोळखी लेखक दिसत होता तो इथे नाहीच. व्हॉट्सॲपवर निरोप धाडतात ते आपले काका. त्यांची सांगण्याची इच्छा प्रामाणिक असते. वस्तू मात्र त्यांनी जाणलेली नसते. वात्स्यायनांची अर्धी अट पुरी, अर्धी रिकामी. म्हणूनच तर पंचाईत होते. अनोळखी माणसाला हसता येतं. काकांना कसं हसणार? निरोप खोटा आहे हे ठाऊक असलेली घरातली चार माणसं खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकतात आणि पुढे जातात.

यावर कुणी रेडिओसाठी प्रहसन लिहायला बसलं, तर निवेदकाचा भारदस्त सूर त्याच्या कामाचा नाही. त्याला काकांचाच आवाज लागेल : थोडा थकलेला, मायेचा, “जेवलास का रे?” असं विचारून मग हळदीनं कोणता रोग बरा होतो ते सांगणारा.