उघडण्यासाठी घडवलेलं इंजिन

फर्ग्युसन टीई-20 हा करडा, बुटका ट्रॅक्टर समजून घ्यायचा तर त्याच्या इंजिनाचं हेड एकदा उतरवून परत बसवावं. 1946 ते 1956 या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना अमेरिकेचं कॉन्टिनेंटल इंजिन होतं, पुढे स्टँडर्ड मोटर कंपनीचं चार सिलिंडरांचं पेट्रोल इंजिन आलं. मी लिहितोय ते या दुसऱ्या इंजिनाबद्दल. याच घराण्यातलं इंजिन पुढे ट्रायम्फ टीआर-2 या स्पोर्ट्स गाडीत बसलं. एकच घडण नांगरालाही पुरली आणि शर्यतीलाही, यावरूनच तिची ताकद कळावी.

उतरवण्याचा पहिला भाग साधा आहे. पाणी काढायचं, टाकी आणि मॅनिफोल्ड बाजूला करायचे, रॉकर शाफ्ट उचलायचा. इथे एकच जागा नाजूक. पुशरॉड सरळ वर ओढला, तर तेलाच्या ओढीने खालचा टॅपेटही त्याच्याबरोबर जागेवरून उठतो. म्हणून रॉड आधी जरा फिरवून सुटा करायचा आणि मगच काढायचा. पुठ्ठ्याला भोकं पाडून रॉड क्रमाने खोचून ठेवायचे, कारण वर्षानुवर्षं एकाच टॅपेटवर घासून प्रत्येकाचं टोक त्याच्या जोडीदाराशी जुळलेलं असतं. हेडचे नट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करायचे. हेड चिकटून बसलं, तर लाकडी हातोडीने कडेने ठोकायचं. फटीत छिन्नी घालणारा माणूस गॅस्केटच्या बैठकीवर कायमचा ओरखडा ठेवून जातो.

हेड वर आलं की या इंजिनाचं मर्म समोर येतं. सिलिंडर ब्लॉकमध्ये थेट कोरलेले नाहीत. चार सुटे लायनर ब्लॉकमध्ये सोडलेले आहेत आणि पाणी थेट त्यांच्या अंगाला लागून फिरतं. खालच्या बाजूला दोन-दोन लायनरांना मिळून इंग्रजी आठाच्या आकाराचं एकेक गॅस्केट असतं. वर त्यांना धरून ठेवायला काहीच नाही, हेडच त्यांना दाबून धरतं. या दाबासाठी लायनरची वरची कड ब्लॉकच्या पृष्ठभागाहून किंचित उंच ठेवलेली असते, 3 ते 5 थाऊ, म्हणजे इंचाचे 3 ते 5 हजारांश. माणसाचा एखादा केस असतो तेवढंच हे अंतर, पण सगळं इंजिन त्यावर उभं आहे. उंची कमी पडली तर हेडचं गॅस्केट फुटतं. खालचं गॅस्केट हललं तर पाणी थेट ऑइलमध्ये उतरतं.

म्हणून हेड उघडं असताना क्रँक फिरवायचा नाही, हा इथला पहिला नियम. पिस्टन वर येताना रिंगांच्या घर्षणाने लायनरलाही वर ओढतो, आणि वर्षानुवर्षं बसलेला खालचा सांधा क्षणात मोडतो. फिरवणं भागच असेल, तर स्टडवर जाड वॉशर आणि नळीचे तुकडे चढवून, नटांनी लायनर दाबून धरायचे. एवढी काळजी घ्यायला लावणारी ही रचना मला तिच्या औदार्यामुळे आवडते. सिलिंडर झिजला तर अख्खा ब्लॉक उतरवून बोअरिंगला न्यायला नको, नवा लायनर आणि पिस्टन घातला की झालं. ट्रॅक्टरचा बोअर आधी 80 मिलिमीटर होता, पुढे 85 झाला, टीआर-2 मध्ये 83 ठेवला गेला. हे बदल लायनरच्या सोयीनेच साधले. शेतकरी हे इंजिन स्वतःच्या गोठ्यात उघडेल, हे बनवणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं. ट्रॅक्टरबरोबर दिला जाणारा दोन तोंडांचा फर्ग्युसन पानाही हेच सांगतो. त्याच्या अंगावर इंचाच्या खुणा असत आणि ट्रॅक्टरचे बहुतेक नट त्या दोन तोंडांत बसत.

आता पिस्टनचे माथे पाहावेत. कोरडी, तपकिरी काजळी असेल तर ज्वलन नीट झालेलं आहे. ओली, काळी, तेलकट काजळी रिंगा किंवा व्हॉल्व्ह-गाइडची झीज सांगते. एकच माथा धुतल्यासारखा लख्ख असेल, तर तिथे पाणी शिरून त्याची वाफ होत होती. दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर काळा माग दिसला, की गॅस्केट कुठे फुटलं ते शोधायला नको. जुन्या गॅस्केटांत तांब्याच्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असे, म्हणून ते कोरडं खरवडू नये. ओलं करून काढावं, आणि त्याची धूळ उडवू नये.

बसवताना हेडवर सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून, फिलर गेजने बाक तपासायचा. लायनरची उंचीही पुन्हा मोजायची. नव्या गॅस्केटवर हेड ठेवलं, की नट मधून कडेकडे, टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने कसायचे. मधून सुरुवात केली की गॅस्केटचा फुगवटा बाहेरच्या बाजूला सरकत जातो. कडा आधी कसल्या तर तो मध्ये अडकून बसतो, आणि दोष मात्र गॅस्केट विकणाऱ्याच्या माथी येतो.

या कामातला सर्वांत सुंदर टप्पा पुष्कळजण गाळतात. इंजिन एकदा पुरतं गरम होऊन थंड झालं की गॅस्केट दबतं आणि नट जरा सैल पडतात. ते पुन्हा कसले की हेड किंचित खाली बसतं. त्याबरोबर रॉकरही खाली येतो, पुशरॉडची लांबी तीच राहते, आणि व्हॉल्व्हची फट कमी होते. म्हणून आधी नट कसायचे, मग व्हॉल्व्हची फट लावायची, हाच क्रम. तो उलटा केला तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि त्याची कड जळते. तुमच्या हाती असं इंजिन आलं, तर ही दुसऱ्यांदा कसण्याची संध्याकाळ त्याला जरूर द्या.