अडगळीच्या खोलीतली कवयित्री

ब्राझीलचं नाव काढलं की आपल्याला पेले आठवतो. काळा माणूस खेळला, नाचला, गायला की देशाला चालतो. त्यानं लेखणी धरली की देशाच्या पोटात दुखायला लागतं. म्हणून आज कारोलिना मारिया द जेझुस या बाईबद्दल बोलायचंय.

जन्म १९१४, मिनास जेराइस प्रांत. शाळा दोन वर्षं. पुढं साओ पाउलोच्या कानिंदे झोपडपट्टीत तीन लेकरं घेऊन राहिली. रस्त्यावरचा कागद, भंगार वेचून विकायची आणि कचऱ्यात सापडलेल्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर लिहायची. १९५८ साली आउदालिउ दान्तास नावाचा पत्रकार वस्तीत आला. त्यानं वह्या पाहिल्या आणि १९६० साली तिची रोजनिशी पुस्तक झाली. नाव 'अडगळीची खोली'. शहर म्हंजे दिवाणखाना आणि नको ते सामान फेकायची खोली म्हंजे झोपडपट्टी, असं तिचं म्हणणं. दहा हजार प्रती हातोहात खपल्या. डझनभर भाषांत भाषांतरं झाली.

इथवर सगळे टाळ्या वाजवतात. माझं भांडण इथून पुढं आहे.

प्रस्थापित समीक्षकांनी हे पुस्तक पंचनामा वाचावा तसं वाचलं. भूक, चिखल, मारामाऱ्या, बस्स. पण बाई काय लिहिते बघा. भुकेचा रंग तिला पिवळा दिसतो. पोटात घास पडला की आभाळ, झाडं, पाखरं आपापल्या रंगावर येतात. आता मला सांगा, उपाशी तर सगळी वस्तीच होती. मग भुकेला रंग कुणी दिला? ते काम कवीचंच. चिखलाशेजारी ती भारदस्त पुस्तकी शब्द आणून बसवते. पंडितांना त्याचं हसू येतं. मला वाटतं, जे शब्द तुझे नाहीत असं तिला सांगितलं, नेमके तेच तिनं उचलून आणले.

दान्तासचे उपकार कुणी नाकारत नाही. पण त्यानं बराच मजकूर गाळला, जागोजाग टिंबं दिली आणि तिच्या चुका मात्र तशाच छापल्या. बड्या लेखकाच्या चुका मुद्रितशोधक गुपचूप दुरुस्त करतो. हिच्या चुका दाखवायला ठेवल्या. कुणी म्हणेल, अस्सलपणा राखला. मग टिंबांच्या जागी जे होतं ते का नाही राखलं? मी गिरणीत साच्यावर काम करतो. धागा तुटला की कापडात फट पडते, ती लपत नाही. ही टिंबं तशीच आहेत.

तिला कविता, कादंबऱ्या लिहायच्या होत्या. १९६१ साली स्वतःच्या गाण्यांची रेकॉर्ड काढली. १९६३ साली पदरच्या पैशानं कादंबरी छापली. कुणी विचारलं नाही. १९७७ साली ती गेली. कवितांचं पुस्तक आलं १९९६ साली. भूक विकली गेली, कविता पडून राहिली.

आता दुसरी बाजू बघा. माशादो द आसिस हा गुलामीतून सुटलेल्या आजी-आजोबांचा नातू. ब्राझीलचा सगळ्यात थोर कादंबरीकार, १८९७ सालच्या साहित्य अकादमीचा पहिला अध्यक्ष. १९०८ साली मेला तर मृत्यूच्या दाखल्यावर रंग लिहिला 'गोरा'! ज्याची कला नाकारता येईना, त्याचा रंग पुसला. जिचा रंग पुसता येईना, तिची कला नाकारली. दोन्हीकडं चोरी एकच.

आणि हे जुनं झालं म्हणू नका. २०१७ साली रिओत तिच्याच गौरवाच्या सभेत एका प्राध्यापकानं सांगितलं की हे साहित्यच नव्हे. २०२१ साली रिओच्या विद्यापीठानं मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी लेखिका कोन्सेसांव एवारिस्तु आणि कारोलिनाची मुलगी यांच्या देखरेखीखाली तिच्या वह्या न छाटता छापायला सुरुवात झाली. म्हंजे टिंबं भरायला साठ वर्षं लागली.

तेव्हा तिला वाचाल तर कणव घेऊन जाऊ नका, तिला ती नको होती. शब्द कसा बसवलाय ते बघा. आपल्यातल्या पोरापोरींचं लिखाण हातात येईल तेव्हाही, 'किती सोसलंय' म्हणून सुस्कारा सोडायच्या आधी, लिहिलंय कसं ते विचारा.