‘वाचणे’ या क्रियापदाविषयी
अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड यांची १९८० साली प्रसिद्ध झालेली कर्करोगकालीन रोजनिशी मराठीत आणू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती ‘वाचणे’ या क्रियापदाची. ‘ती वाचली’ म्हटले की कथा संपते. शस्त्रक्रियेच्या वेळी लॉर्ड ४४ वर्षांच्या होत्या. स्तनाच्या कर्करोगातून तिशीतच उठलेल्या स्त्रीस तर पुढे कित्येकदा पाच ते दहा वर्षे संप्रेरकरोधक औषध घ्यावे लागते. मातृत्व लांबणीवर पडते. बेळ्ळंदुरात कानी पडणाऱ्या कन्नडमधील ‘बदुकुळिदवळु’ या शब्दात जगणे आणि उरणे दोन्ही आहे; आपल्या शब्दात केवळ सुटका आहे. लॉर्ड यांनी कृत्रिम स्तन नाकारला, तो हे उरणे झाकले जाऊ नये म्हणूनच. समीक्षेने अशा लेखनातील धैर्याचे कौतुक करून थांबू नये. सुटकेनंतरचे आयुष्यही वाचावे. तो अर्थही त्याच क्रियापदाचा आहे.