शोधू की सुधारू?

मी कॉमर्सचा पदवीधर. भाषेशी माझा संबंध 'अक्षरी रुपये' एवढ्यापुरता. तरी 'शोधणे' या क्रियापदाविरुद्ध माझी एक रीतसर तक्रार होती.

बँकेत लागलो त्या पहिल्याच आठवड्यात एक हिंदी परिपत्रक हाती पडले : 'ब्याज दरों में संशोधन'. मी भारावलो. म्हणजे व्याजावर संशोधन करणारी विद्वान मंडळी आपल्या बँकेत आहेत! घरी आईलाही सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी अकाउंटंटसाहेब म्हणाले, "अहो, कसलं संशोधन? दर उतरलेत!" हिंदीत संशोधन म्हणजे फेरबदल. मराठी प्रतीत त्यालाच 'सुधारित दर' म्हटले होते. कोणाचे सुधारले, हे ठेवीदाराला विचारू नये. राज्यघटनेचे हिंदीत संशोधन होते, आपल्याकडे दुरुस्ती. छत्रीची होते तीच!

मुळात शोधन म्हणजे शुद्ध करणे. मुद्रितशोधक छपाईतल्या चुका काढतो, वैद्यबुवांचे शोधन पोट साफ करते, आमचे क्लिअरिंगही कागदोपत्री 'समाशोधन'. मराठीने मात्र 'शोधणे' हरवलेल्या चष्म्यासाठी राखून ठेवले. मला हा गोंधळ वाटे. आता शहाणपण वाटते. त्याचे श्रेय एका आजींना.

आजी अर्ज घेऊन आल्या. "जरा नीट करून द्या हो." अर्जात लिहिले होते : 'मालक वारले. पैसे त्यांच्या नावावर आहेत, पण साठवले मी. पापड लाटून.' मी ताबडतोब सुधारले : 'उपरोक्त खातेदार मयत झाल्याने शिल्लक रक्कम अर्जदारास अदा करावी.' आजींना मोठ्या ऐटीत वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "छान झालंय. पण यात मी कुठाय?"

मी वरमलो. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ जवळजवळ तीनशे वर्षांचा, लेखणी प्रत्यक्ष नाथांची. दोन ओव्या सुधारल्या असत्या तर हरकत घ्यायला ज्ञानेश्वर थोडेच येणार होते! पण नाथांचे म्हणणे असे की ग्रंथ मुळात शुद्धच आहे, बिघाड झाला तो पाठांतरात. आपली ओवी यात घालू नका, असे त्यांनी पुढच्यांनाही बजावले. खाली शक घातला. आम्ही व्हाउचरवर खाडाखोड केली की शेजारी सही करतो, तसाच.

म्हणजे आधी शोधायचे. लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते ते सापडले, तरच सुधारायचे. मी उलटे केले होते. आजी अर्जात होत्या, मीच त्यांना हरवले.

अर्ज पुन्हा लिहिला. माझे 'उपरोक्त' ठेवले, कारण त्याशिवाय बँकेत पान हलत नाही. पण खाली आजींची वाक्ये जशीच्या तशी उतरवली.

मॅनेजरसाहेबांनी अर्ज वाचला, सवयीने लाल पेन उचलले, 'पापड लाटून'पाशी थांबले आणि पेनला टोपण लावले.