‘जलपाश’ : एका परिभाषेची चिकित्सा

कालव्यातील ‘लॉक’ला मराठी भूगोलात ‘जलपाश’ म्हणतात. हा शब्द अर्थ उलटा करतो. कागलकरांच्या परिचयाचा दूधगंगेवरील कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बरगे घातले की पाणी अडवतो आणि नावही. लॉक मात्र दोन दारांमधल्या हौदातली पातळी पुढच्या पाण्याशी जुळवून नाव सोडतो. मुंबईच्या इंदिरा गोदीलाही लॉक आहे. नेदरलँड्समध्ये आयमॉयडनचा, २०२२ मध्ये खुला झालेला, ५०० मीटर लांबीचा आहे. तिथल्या कालव्यांतून शिडाची नौका नेणारा दोर खुंट्याला पक्का बांधत नाही. पाणी उतरेल तसा सैल सोडतो. गाठ मारली तर नौका लटकेल. जिथे पाशच घातक, तिथे नावात पाश कशाला? ‘पाणपायरी’ अधिक नेमका ठरेल.