न फेकलेल्या पासचा हिशेब

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्या संघाच्या दोन्ही टोकांना, सीमारेषेलगत, जे खेळाडू उभे राहतात त्यांना कॉर्नरबॅक म्हणतात. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक ज्याच्याकडे लांबचा पास टाकतो, त्या वाइड रिसीव्हरला मोकळे होऊ न देणे हे त्यांचे मुख्य काम. रिसीव्हरला आपण कुठे वळणार हे आधीच ठाऊक असते. कॉर्नरबॅकला मात्र ते त्याच्या कमरेच्या हालचालीवरून ताडावे लागते, तेही उलट्या पावली मागे धावत असताना. इतक्या अवघड कलेचे मूल्यमापन दीर्घकाळ प्रामुख्याने इंटरसेप्शनवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पास हवेतच हिरावून घेण्यावर, विसंबून राहिले.

1952 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सच्या डिक ‘नाइट ट्रेन’ लेनने पदार्पणाच्या मोसमात 12 सामन्यांत 14 इंटरसेप्शन केली आणि तो विक्रम अद्याप अबाधित आहे. पण या आकड्याच्या दराऱ्यामुळे एक साधी गोष्ट नजरेआड होते, ती अशी की ज्याच्याकडे चेंडू येतच नाही त्याला तो हिरावता येत नाही. ओकलंड रेडर्सच्या नामडी असोमुघाने 2006 मध्ये 8 इंटरसेप्शन केली, तर पुढच्या वर्षी अवघे 1. खेळ घसरला म्हणून नव्हे, तर प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला पास टाकणेच टाळू लागले म्हणून. क्रिकेटमध्ये कव्हरला चपळ क्षेत्ररक्षक असला की फलंदाज चोरटी धाव घेत नाही, आणि न घेतलेली धाव धावफलकावर दिसत नाही, तशातलाच हा प्रकार. याउलट 2021 मध्ये डॅलस काउबॉइजच्या ट्रेव्हॉन डिग्जने 11 इंटरसेप्शन करून लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला, तरी त्याच मोसमात त्याच्या पहाऱ्यातील रिसीव्हरांनी मोठ्या प्रमाणावर यार्ड कमावले, कारण तो धाडसाने चेंडूवर झेपावत असे आणि झेप चुकली की मागे रान मोकळे होई.

दूरचित्रवाणीनेही या उपेक्षेला हातभार लावला आहे. नेहमीचा कॅमेरा चेंडूच्या मागे जातो, त्यामुळे कॉर्नरबॅक आणि रिसीव्हर यांची झुंज बहुतेक वेळ चौकटीबाहेरच राहते. बावीसही खेळाडू दिसतील असे उंचावरचे चित्रण सामान्य प्रेक्षकाला 2012 पासून उपलब्ध झाले. अशा नजरेने 1 फेब्रुवारी 2015 चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, पाहण्याजोगा आहे. न्यू इंग्लंड पेट्रियट्स 28–24 असे पुढे होते, अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ उरला होता आणि सिअ‍ॅटल सीहॉक्स गोलरेषेपासून 1 यार्डावर होते. त्यांचे दोन रिसीव्हर उजवीकडे एकामागे एक उभे राहिले. पुढच्याने पहारेकऱ्याची वाट अडवायची आणि मागच्याने आत घुसून पास झेलायचा, असा बेत होता. पेट्रियट्सचा कॉर्नरबॅक माल्कम बटलर याने मुसंडी मारून तो पास हिरावला आणि तो रातोरात प्रसिद्ध झाला. पण त्याची वाट मोकळी राहिली ती ब्रँडन ब्राउनर या दुसऱ्या कॉर्नरबॅकमुळे, ज्याने पुढच्या रिसीव्हरच्या छातीवर दोन्ही हात रोवून त्याला जागचे हलू दिले नाही. ब्राउनर पूर्वी सीहॉक्सकडूनच खेळलेला होता, हेही ध्यानात घेण्याजोगे. त्या डावाच्या अधिकृत नोंदीत त्याच्या या कामाला रकानाच नाही.

नियमांनी ही कला आणखी कठीण केली. पिट्सबर्ग स्टीलर्सचा मेल ब्लाउंट रिसीव्हरांना असा काही रेटत असे की 1978 मध्ये, चेंडू जिथून खेळात येतो त्या रेषेपासून 5 यार्डांपलीकडे त्यांना धक्का देण्यास मनाई झाली. 2004 पासून तिची अंमलबजावणीही कडक झाली. तरीही दाम रिसीव्हरलाच अधिक: 2025 मध्ये जमार चेसचा करार वर्षाला सरासरी 4 कोटी डॉलरच्या वर गेला, तर त्याच वर्षी कॉर्नरबॅकांत विक्रमी ठरलेला सॉस गार्डनरचा करार 3 कोटींच्या आसपास थांबला.

ही तफावत सर्वस्वी अन्याय्य नाही. रिसीव्हरकडे चेंडू मुद्दाम पोहोचवता येतो. कॉर्नरबॅकला मात्र चेंडू कुठे जावा हे ठरवता येत नाही, आणि एक बाजू बंद केली तरी क्वार्टरबॅक दुसऱ्या बाजूच्या दुबळ्या खेळाडूला गाठतो. म्हणूनच एकट्या पराक्रमी कॉर्नरबॅकचे जे कौतुक अलीकडे रूढ झाले आहे तेही अपुरेच ठरते. न्यूयॉर्क जेट्सच्या डॅरेल रेव्हिसच्या वाट्याला आलेला रिसीव्हर जणू निर्जन बेटावर अडकतो, अशी ख्याती 2009 च्या सुमारास पसरली आणि कारकिर्दीत अवघी 29 इंटरसेप्शन असूनही पात्र होताच 2023 मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळाच्या मानकऱ्यांच्या दालनात, स्थान मिळाले. समीक्षा आकड्यांपलीकडे पाहू लागली, हे खरेच. पण त्याच वर्षी टॅम्पा बे बकनिअर्सचा रॉन्डे बार्बरही आत गेला, तो मात्र पात्र झाल्यापासून सहाव्या वर्षी. त्याच्या नावावर 47 इंटरसेप्शन होती, शिवाय क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच 28 वेळा पाडल्याची नोंद होती. तो टोकाला खेळे, आणि प्रतिस्पर्धी जादा रिसीव्हर आणी तेव्हा आत सरकून मधल्या गर्दीत पहारा देई, जिथे सीमारेषेचा आधार नसतो आणि रिसीव्हर दोन्हीकडे वळू शकतो. आज निम्म्याहून अधिक डावांत संघांना मागच्या फळीत असा पाचवा बचावपटू मैदानात ठेवावा लागतो. बार्बरचे यश मात्र पुष्कळांनी संघाच्या बचावपद्धतीच्या खात्यावर मांडले.