अलीपूरचा समंध

कोलकात्यातील अलीपूर ही धनिकांची जुनी वस्ती. तेथील साहेबी बंगल्यांच्या भूतकथांत सर्वांत प्रसिद्ध कथा हेस्टिंग्ज हाऊसची होय. रात्री चार घोड्यांची गाडी दाराशी थांबते, वॉरन हेस्टिंग्ज उतरतो आणि दालनांतून काही तरी शोधीत फिरतो, एवढेच तिचे कथानक. भूतकथा ही केवळ भित्र्या मनाची करमणूक, असे मानणाऱ्या सुशिक्षितांनीही तिचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

त्या शोधामागे एक खरी वस्तू आहे. हेस्टिंग्ज १७८५ साली स्वदेशी परतला, तेव्हा त्याची काळ्या लाकडाची एक पेटी येथे हरवली. तीत लहान चित्रे व खासगी कागद होते. तिचा पत्ता लावणारास २,००० सिक्का रुपयांचे बक्षीस देण्याची जाहिरात १७८७ साली कलकत्त्याच्या गॅझेटात आली होती. पुढच्या वर्षी विलायतेत त्याजवर खटला सुरू झाला. १७९५ साली तो निर्दोष सुटला आणि १८१८ साली तिकडेच वारला. भूत मात्र दिसते ते अलीपुरास!

येथेच या कथेचे मर्म आहे. ठेव्यात जीव गुंतलेला मनुष्य समंध होऊन तेथेच घोटाळतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. पार्लमेंटाने ज्यास सात वर्षांनी सोडले, त्यास कथेने सोडले नाही. न सापडणाऱ्या कागदांच्या मागे तिने त्यास कायमचे लावून दिले. ही शिक्षा मार्मिक खरी.

परंतु हा न्याय अपुरा आहे, हेही सांगितले पाहिजे. हरवले ते साहेबाचे, तळमळ साहेबाची. म्हणून श्रोत्याची अनुकंपाही त्याच्याच वाट्यास जाते. हेस्टिंग्जवर लाचेचा आरोप करणारे महाराज नंदकुमार ५ ऑगस्ट १७७५ रोजी फाशी गेले, आणि तेही एका बनावट कागदाच्या आरोपावरून! कागदासाठी जीव गेला तो त्यांचा. कागदासाठी भटकतो मात्र हेस्टिंग्ज. या कथेत नंदकुमारांस उंबऱ्याशीही जागा नाही. गाडी हाकणाऱ्या कोचमनास तर नावदेखील नाही.

भूत कोणाचे व्हावे, हेदेखील वाड्याच्या मालकीवरच ठरते की काय, अशी शंका आम्हांस येते. वाड्यांच्या भूतकथा लिहिणारांनी पुढे तरी मालकाचे काय हरवले एवढेच न पाहता, त्या वाड्यापायी कोणाचे काय गेले, हेही विचारावे. भय त्याने उणे होणार नाही; झाले तर वाढेलच.